खुराड्याचं माप

कुवारबाव, रत्नागिरी
१४ मार्च १९९९

ती. सौ. मैनाताईस,
धाकूचा शि. सा. न. वि. वि.

शिमगा आटोपून आम्ही सुखरूप पोचलो. खेडपर्यंत एसटीत उभ्याने आलो, पुढे बसायला मिळालं. हेमाला रात्री कणकण होती, आता बरी आहे. तू बांधून दिलेले कुळीथ आणि कोकमं नीट आली, पापड तेवढे मोडले. मोडके पापड भाजून खाल्ले, तेव्हा वाया काही गेलं नाही.

आता मुद्द्याचं. बाबांच्या कोंबड्या पडवीच्या वाशांवर बसतात आणि तिन्हीसांजेला बाबा काठी घेऊन त्यांना गोळा करत फिरतात, हे ह्या खेपेला मला बघवलं नाही. मागच्या पावसाळ्यात ते अंगणात पडले ते ह्याच उद्योगात. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघा वाकत नाही, आणि पाच कोंबड्या नि एका कोंबड्यामागे धावाधाव. म्हणून इथे आल्याबरोबर ऑफिसातल्या एका ओळखीच्या माणसाकडून खुराड्याचा छापील नकाशा मिळवला. सोबत जोडला आहे.

खुराडं पंचवीस कोंबड्यांचं आहे. दहा फूट लांब, पाच फूट रुंद, चिऱ्याच्या चार खांबांवर जमिनीपासून दोन फूट उचललेलं. तीन बाजूंना जाळी, म्हणजे मुंगूस शिरणार नाही आणि वारा खेळेल. खाली पट्ट्या, म्हणजे घाण आपोआप पडेल. अंडी काढायला मागून झडप. जाळी मी पाठवतो, चिरे तू खाणीवर सांग. परसात फणसाच्या अंगाला जागा आहे ती बरोबर पुरेल. बाबांचा जीव रमेल, पडायचं भय जाईल, आणि अंड्यांचा तुलाही थोडा आधार होईल.

निघताना चुलीपुढे बसून तू जे म्हणालीस, पावसाचे चार महिने बाबांना आमच्याकडे ठेवण्याचं, ते माझ्या लक्षात आहे. त्याचं सावकाश बघू. आधी खुराडं उभं राहू दे, मग कदाचित ती गरजही उरणार नाही.

कळावे. लोभ आहे तसा असू दे, राग आला असेल तर तो वेगळा बांधून ठेव, गणपतीला आलो की घेऊन जाईन.

तुझा
धाकू


वरचीवाडी, ता. मंडणगड
२६ मार्च १९९९

चि. धाकू यास अनेक आशीर्वाद.
सौ. हेमालाही आशीर्वाद. कणकण पुन्हा आली का ते कळव. तू कळवत नाहीस, म्हणून विचारते.

पत्र मिळालं, नकाशा मिळाला. पंचवीस कोंबड्या! अरे बाबा, पंचवीस कोंबड्यांना पाणी कोण दाखवणार? वैशाखात आपली विहीर तळाला जाते, हे रत्नागिरीच्या नळाखाली उभं राहून विसरलास वाटतं. घाण आपोआप खाली पडेल म्हणतोस. पडेल की. खालून आपोआप उठून उकिरड्यावर जाणार आहे का, ते त्या कागदावर कुठे दिसलं नाही.

तुझ्या माहितीसाठी माझा दिवस सांगते. आमचं घर पऱ्याच्या ह्या काठाला, बाबांचं त्या काठाला. पहाटे बाबांचा कोंबडा तिकडून बांग देतो आणि इकडे माझे डोळे उघडतात. वाडीत दुसरेही कोंबडे आहेत, पण माझी झोप मेली त्याच्याच आवाजाला बांधलेली. उठले की माझी म्हैस, माझी चूल, मग पऱ्यावरचा साकव ओलांडून बाबांकडे. त्यांचा चहा, त्यांचं आंघोळीचं पाणी, त्यांचा भात. मग परत इकडे. संध्याकाळी पुन्हा तेच. तुझे भावोजी मुंबईत, त्यांना मी गणपती आणि शिमग्याला बघते. एका माणसाने दोन घरांतल्या दोन चुली पेटवायच्या म्हणजे काय, हे हेमाला विचार, तिला कळेल.

उन्हाळ्यात हे एकवेळ जमतं. पावसात साकवावरून पाणी जातं तेव्हा कमरेला पदर खोचून, हातात डबा धरून, पलीकडे जायचं. मागच्या वर्षी दोनदा पाय सुटला. ह्या वर्षी माझ्या गुडघ्याला ते झेपायचं नाही, हे मी तुला चुलीपुढे सांगितलं. मी तुला एक मागितलं आणि तू मला भलत्याच गोष्टीचा नकाशा पाठवलास.

बाबांना नकाशा दाखवला. त्यांनी तो उलटा धरला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाले, एवढं उंच कशाला, कोंबडीला ऊब लागते, हवा लागत नाही. त्यांच्या मते खुराडं माणसाच्या गुडघ्याएवढं असावं, दार उगवतीला, आणि आत राख पसरायला हात पुरला पाहिजे. पाच कोंबड्यांना त्याहून जास्त लागत नाही म्हणतात. मी म्हटलं, धाकूला कळवते. तर म्हणाले, कळवून काय होतंय.

तेव्हा खुराड्याचं माप नंतर. आधी चार महिन्यांचं सांग.

माझा लोभ आहेच, त्याला काही जाळी लागत नाही.

तुझी
ताई


कुवारबाव, रत्नागिरी
९ एप्रिल १९९९

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. दोनदा पाय सुटल्याचं तू आधी कधी बोलली नव्हतीस. लिहायला उशीर झाला.

आमचं घर दोन खोल्यांचं. सध्या आंब्याचं कॅनिंग सुरू झालं आहे, हेमा सकाळी कारखान्यात जाते ती दिवस मावळता परत येते. हातांना सालींची खाज, पाय सुजलेले. घरी आली की ओट्याला टेकून उभी राहते. तिच्यापुढे हा विषय कसा काढू? मी घरी पोचतो साडेसहाला. दिवसभर बाबा एकटेच बसणार.

आणि मुख्य म्हणजे बाबाच येत नाहीत. तीन वर्षांपूर्वी आणलं होतं ते आठव. चार दिवस पुढच्या पायरीवर मांडीवर पिशवी घेऊन बसले होते, जणू स्टँडवर गाडीची वाट बघताहेत. हेमाने दुसऱ्यांदा भात वाढला तर म्हणाले, काम काही नाही, तर जेवायला एवढं कशाला. बसून खाणं त्यांना सोसत नाही. शिमग्याला मी विचारलं तर म्हणाले, "मी काय यायचा नाय." तू शेजारीच होतीस.

म्हणून मी नकाशात बदल केला आहे. बारा कोंबड्या. लांबी सहा फूट, रुंदी चार, उंची तीन. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे दार उगवतीला. पावसाच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा केला की आत कोरडं राहील. तुझ्या शेजारच्या गोदूबाईचा मुलगा सुतारकाम करतो, त्याला सांगितलंस तर मेच्या आत होईल. मला एवढं तरी करू दे.

बाकी ठीक. लोभ कमी झाला असेल तर कळव, म्हणजे निदान हिशेब स्पष्ट राहील.

तुझा
धाकू


वरचीवाडी
२ मे १९९९

चि. धाकू यास आशीर्वाद.

हे पत्र मी पाटावर पाय ठेवून लिहिते आहे. परवा पाखाडीच्या पायऱ्या उतरताना कळशीसकट घसरले. कळशी शाबूत आहे, विचारशील म्हणून आधीच सांगते. पाय भोपळ्यासारखा सुजला. गोदूबाईने शेक दिला, हाड मोडलेलं नाही. दोन दिवस यमुनाबाईने बाबांना भात नेऊन दिला. ती बाबांची शेजारीण, माझ्यापेक्षा वयाने मोठी, तिच्याकडून किती करून घ्यायचं?

तुझे भावोजी लिहितात, सासऱ्यांना आपल्याच घरी आणून ठेव, हाय काय नि नाय काय. ते मुंबईत बसून लिहिणं सोपं. मी बाबांना तसं म्हणाले, तर ते म्हणतात, लेकीच्या घरी मुक्काम करणारा बाप अजून आपल्या घरात झाला नाही. माझ्या घरचं पाणीसुद्धा ते उंबऱ्याबाहेर उभ्याने पितात. मुलाकडे जायचं नाही, तिथे बसून खावं लागतं. लेकीकडे राहायचं नाही, तसा रिवाज नाही. मग मधल्या साकवावर कोण? मी.

धाकू, मी थकले रे. रागाने म्हणत नाही. राग करायलाही जोर लागतो. ह्या पावसात त्या साकवावर मी पाय ठेवणार नाही, एवढं ठरवलं आहे. मग बाबांचं काय, हे मला माहीत नाही, आणि ते माहीत नाही म्हणून झोप येत नाही.

आता एक गंमत सांगते. वाच आणि नीट विचार कर. पंधरा दिवसांपूर्वी बाबांची तांबडी कोंबडी खुडूक झाली, उबवायला आली. त्यांनी ती यमुनाबाईला अर्धलीने दिली. तू विसरला असशील, म्हणून लिहिते. कोंबडी आणि अंडी आपली, बसवायची दुसरीने, दाणा-पाणी तिचं, आणि पिल्लं आईपासून सुटली की निम्मी तिची, निम्मी आपली. तर कोंबडी दिल्यापासून बाबा रोज सकाळी काठी टेकत यमुनाबाईच्या पडवीत जाऊन बसतात. अंडी हलवलीस का, राख घातलीस का, असं विचारून तिचा जीव नकोसा करतात. ती चहा देते तो पितात. परवा तर भाकरीही खाल्ली. माझ्या दारात पाणी उभ्याने पिणारा माणूस तिथे मांडी घालून खातो, कारण तिथे त्यांची कोंबडी आहे. अर्धलीच्या मालकाला बघायला येण्याचा हक्क असतो, आणि आलेल्याला कोणी परत लावत नाही. पिल्लं वाटेपर्यंत तो पाहुणा नव्हे आणि बसून खाणाराही नव्हे.

तेव्हा माझं म्हणणं ऐक. हेमाने बाबांकडे अर्धलीची कोंबडी मागावी. तू नाही, हेमाने. आणि तू तुझा नकाशा इकडचा पुसून तुझ्या परसात मांड. पंचवीस नकोत, बारा नकोत, एका कोंबडीचं आणि तिच्या पिल्लांचं होईल एवढंच खुराडं बांध.

हेमा नाही म्हणाली तर मला तसं स्पष्ट लिही. पुन्हा तिसरा नकाशा पाठवू नकोस. लोभ आहे म्हणून एवढं लिहिलं.

तुझी
ताई


कुवारबाव, रत्नागिरी
११ मे १९९९

ती. सौ. वन्संना,
हेमाचा सा. न. वि. वि.

पायाची सूज उतरली का? हळद-लोण्याचा लेप घालावा असं माझी आई म्हणायची.

तुमचं पत्र ह्यांनी मला काल दाखवलं. मग मी आधीचीही मागून घेतली आणि सगळी एका बैठकीत वाचली. वन्सं, राग मानू नका. तुम्ही दोघं भावंडं दोन महिने खुराड्याची मापं काढत होता. माझ्या घरात मामंजींनी राहावं की नाही, हे मला एकदाही कोणी विचारलं नाही. हे म्हणतात, तू दमून येतेस, कसं विचारणार. दमून येते म्हणून मला तोंड नाही का? हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते, पण विचारायचं तरी. तीन वर्षांपूर्वी ते आले तेव्हाही मला आदल्या रात्री कळलं. त्या चार दिवसांत ते माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी त्यांना बोलावलंच नव्हतं. त्यांचं बरोबर होतं.

आता विचारलंत, तर सांगते. मी कोंबडी कधी पाळलेली नाही. माझे वडील कोयना प्रकल्पावर, सगळं लहानपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं. तिथे अंडी दुकानातून यायची. तेव्हा अर्धलीची कोंबडी मी घेतली तर ती जगणार नाही. ती जगवायला कोणीतरी जाणतं माणूस लागेल. तसं मी मामंजींना वेगळ्या कागदावर लिहिलं आहे, सोबत जोडते, तुम्ही वाचून दाखवा. त्यात काही खोटं नाही.

कॅनिंग जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं. तोवर मला दम नाही. त्यानंतर केव्हाही पाठवा. परसात धुण्याच्या दगडापासून शेजारच्या गुरुजींच्या दगडी गडग्यापर्यंत जागा आहे, ती मी आज मोजली. खुराडं तिथे होईल. माप मात्र मामंजींनीच सांगावं, ह्यांनी नव्हे.

दमले आहे, म्हणून अक्षर वाकडं आलं. मन तसं नाही, असं समजावं.

तुमची
हेमा


वरचीवाडी
२५ मे १९९९

चि. धाकू व चि. सौ. हेमा यांस आशीर्वाद.

हेमा, तुझ्यापुढे मी खाली मान घालते. आम्ही तुला विचारलं नाही, हे खरं आहे. इतकी वर्षं तुला धाकूची बायको म्हणूनच बघितलं, घराची मालकीण म्हणून नाही. तुझं पत्र आल्यापासून मला बरं झोपता येतं आहे.

बाबांना तुझा कागद वाचून दाखवला. ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, नीट ऐकू नाही आलं, पुन्हा वाच. पुन्हा वाचला. मग सुरू झाले. पावसाळ्यात कोण अर्धल करतं, पावसातली पिल्लं निम्मी मरतात, शहरच्या पोरीला काय कळतं. मी म्हटलं, बरं तर, नाही म्हणून कळवते. तर एकदम म्हणाले, तिने मागितली आहे, नाही कसं म्हणायचं. सुनेने पहिल्यांदा काही मागितलं. पण पावसातली पिल्लं तिच्या एकटीच्या हाती सोडता यायची नाहीत, आपल्याला तिथे जावंच लागेल. मी तोंड फिरवून सुपातले तांदूळ पाखडत राहिले.

खुडूक कोंबडी एसटीने नेली तर अंड्यांवरून उठते, म्हणून तसली न्यायची नाही. अंड्यावर आलेली काळी तलंग कोंबडी घेऊन येतील, ती तिथेच अंडी घालील आणि तिथेच बसेल. बाकीच्या कोंबड्या यमुनाबाईकडे. कोंबडाही नेणार म्हणतात. मी म्हटलं, शहरात शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास होईल. तर म्हणाले, कोंबड्याशिवाय उबवून काय खडे निघणार आहेत का? मग मी कोंबड्या न्यायचं डालगं काढून ठेवलं.

खुराड्याचं माप त्यांनी स्वतः काढलं आहे. फूट त्यांना समजत नाहीत. सुतळी घेऊन तिला तीन गाठी मारल्या: एक लांबीची, एक रुंदीची, एक उंचीची. ती सुतळी पत्रातच घातली आहे. धाकू, ह्यात स्वतःची अक्कल मिसळू नकोस.

आठ जूनच्या आत बाबांना घेऊन जा. मग पाऊस पडला काय आणि साकव बुडाला काय. तुम्हा दोघांवर माझी माया आहे, ती आता निवांत बसून करीन.

तुमची
ताई


कुवारबाव, रत्नागिरी
२० जून १९९९

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, काळी तलंग आणि कोंबडा तिघंही खुशाल आहेत. येताना कंडक्टरने डालग्याकडे बघून कपाळाला हात लावला. बाबा त्याला म्हणाले, हे माझ्या सुनेचं आहे, सांभाळून ठेव. बिचाऱ्याने आपल्या सीटखाली जागा करून दिली.

आता माझी फजिती ऐक. खुराडं मी बाबा यायच्या आधी बांधून तयार ठेवलं होतं. सुतळी जमिनीवर ताणली आणि एका टोकापासून तिन्ही गाठींपर्यंतची मापं घेऊन गवंड्याला दिली. तो म्हणाला, साहेब, कोंबड्यांसाठी आहे ना? मी म्हटलं, हो, आमच्या वडिलांचंच माप आहे. मला मनातून बरंही वाटलं होतं. म्हटलं, माझा पंचवीस कोंबड्यांचा नकाशा बाबांना पटला शेवटी, फक्त तोंडाने कबूल करत नाहीत. जूनच्या पाच तारखेला चिऱ्याचं, कौलं घातलेलं, माणूस ताठ उभा राहील एवढं खुराडं तयार झालं.

बाबा आले, त्यांनी हाताने भिंती चाचपल्या, आत जाऊन उभे राहिले आणि आतूनच म्हणाले, "ह्यात कोंबडी राहणार, का मी?" मग उलगडा झाला. त्यांनी लांबी धरून गाठ मारली होती, तिथून पुढे रुंदी धरून दुसरी, तिथून पुढे उंची धरून तिसरी. मी प्रत्येक वेळी पहिल्या टोकापासून मोजलं. हेमा हसता हसता धुण्याच्या दगडावर बसली. तिला इतकं हसताना मी खूप दिवसांत बघितलं नव्हतं.

आता आत एका कोपऱ्यात बाबांनी फळ्या लावून गुडघ्याएवढं खरं खुराडं करून घेतलं आहे. उरलेल्या जागेत पाट टाकून ते स्वतः बसतात. बाहेर मुसळधार पाऊस आणि बाबा आत कोरड्यात, दारातून कोंबडीशी बोलत. मांडीवर पिशवी नाही. काल हेमाने दुसऱ्यांदा भात वाढला, तर तोही संपवला. एवढी जागा फुकट घालवायची नाही, ती भरल्याशिवाय मी हलत नाही, असं म्हणतात.

एकच अडचण, तो कोंबडा. पहाटे चारला सुरू होतो. शेजारचे गुरुजी दोनदा गडग्यापाशी येऊन बोलून गेले. मी बाबांना म्हटलं, तलंग आता अंड्यांवर बसली, कोंबड्याचं काम झालं, त्याला कोणाबरोबर तरी गावी पाठवू. ऐकत नाहीत. तू सांगून बघ.

लोभ असेलच. तुझ्या गुडघ्यावरही आता थोडा कर.

तुझा
धाकू


वरचीवाडी
१२ जुलै १९९९

ती. बाबांस,
मैनेचा शि. सा. न. वि. वि.

धाकू, हे बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

बाबा, साकव गेल्या आठवड्यात पूर्ण बुडाला. मी इकडच्या काठावर उभी राहून बघितला आणि परत आले. तुमच्या घराला यमुनाबाई दिवा दाखवते. लावणी आटोपली. गुडघा आता पायरी चढताना बोलतो, एरवी गप्प असतो.

एक तक्रार आहे. तुम्ही गेल्यापासून मला जाग येत नाही. गोदूबाई दुधाला येऊन कडी वाजवते तेव्हा डोळे उघडतात, आणि बघते तर उजाडून गेलेलं, म्हैस हंबरते आहे. परवा दुपारीही चटईवर टेकले ती दिवे लागायच्या वेळी उठले. आजारी तर नाही ना मी, असं मनात आलं. वाडीतल्या बायका हसतात. म्हणून म्हणते, तलंग बसलीच आहे, तर कोंबडा कोणाबरोबर तरी परत पाठवा. धाकूच्या शेजाऱ्यांनाही त्रास होतो आहे म्हणे. तो आला की माझी घडी पुन्हा बसेल.

पिल्लं किती फुटली ते कळवा. आठवण येते, पण तुम्ही यायची घाई करू नका.

तुमची
मैना


कुवारबाव, रत्नागिरी
२८ ऑगस्ट १९९९

चि. सौ. मैनेस अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आणि हेमा लिहिते. ती माझं बोलणं सरळ करून लिहिते, तेव्हा परकं वाटेल. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, कारण पिल्लं लहान होती.

नऊ अंडी ठेवली, आठ फुटली. एक पिल्लू पावसाने गेलं. सात आहेत. पावसाळ्यात एवढी जगतात असं मी कधी बघितलं नाही. धाकूने चुकून बांधलं, पण कोरडं बांधलं. हेमा संध्याकाळी येऊन हात धुते आणि आधी पिल्लं मोजते. तिला आता घारीची सावली कळते. अर्धलीची वाटणी अजून व्हायची आहे. सातांची निम्मी कशी करायची, ह्यावर आमचं रोज भांडण होतं. ती म्हणते चार तुमची, मी म्हणतो चार तुझी. हे मिटेपर्यंत मला इथून निघता येणार नाही.

तुम्ही भावंडांनी काय ठरवलं ते मला कळलं नाही असं समजू नका. डोळे गेले आहेत, बाकी सगळं आहे. मुलाने ये म्हटलं, ते त्याला म्हणावंच लागतं. पण चूल सुनेची. तिने मागितलं तेव्हा आलो.

पिल्लं सुटली की माझ्या वाट्याची तुला देणार आहे. तू मला सांभाळलंस, तुझा वाटा कोणी काढला नव्हता. पण आत्ता नाही. थंडी पडू दे, तुझा गुडघा जोर धरू दे, मग बघू.

आता कोंबड्याचं. तो मी पाठवणार नाही. उबवायला कोंबडा लागतो, असं मी तुला तेव्हा सांगितलं. कोंबडे इथेही गल्लीत आहेत, त्यांच्यावर काम भागलं असतं. माझा कोंबडा बांग देई, आणि थोड्या वेळाने पऱ्यापलीकडे तुझ्या चुलीचा धूर निघे. डोळे होते तेव्हा दिसायचा, गेल्यावर वास यायचा. पावसात, थंडीत, तुला ताप असला तरी. अंथरुणात पडून मी त्या कोंबड्याला शिव्या द्यायचो, की आज तरी उशिरा ओरड. जनावर ते, ऐकतं थोडंच. मग निघताना डालग्यात घालून इकडे घेऊन आलो. तू आजारी नाहीस. झोपतेस ते बरोबर करतेस.

गणपतीला आम्ही सगळी चार दिवस येतो. बसायला पाट आणि दोन वेळचं दूध काढून ठेव, बाकी हेमा बघेल म्हणते. कोंबडा गुरुजींकडे ठेवून येणार आहे. ते आता त्याच्या बांगेवर उठून फिरायला जातात.

तुझा
बाबा

ता. क. वन्सं, मामंजींनी सांगितलं ते सगळं लिहिलं. मधे दोनदा त्यांनी मला पिल्लं मोजायला पाठवलं, तेवढ्यापुरती थांबले होते. हेमा